सिस्टरच्या परिचयातलं एक वाक्य

दौलताबादला शाळेच्या व्हरांड्यात आमची सभा चालली होती. पोलिसांनी उचललं तर काय विचारायचं, घरी कसं कळवायचं, वकील कधी मागायचा, हे आमचे सचिव समजावून सांगत होते. ते आमच्या शहरातल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करतात आणि बोलतातही छान. मधेच पुढं बसलेल्या एका बाईनं हात वर केला.

"तुमी सांगताय ते समदं बरं हाय. पण तुमी कोण? कुण्या पक्षाचे?"

"कुठल्याच पक्षाचे नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"असं कसं? कुणाचे तरी असालच की."

सगळे हसले, आम्हीही हसलो. परतताना गाडीत मात्र आमच्या अध्यक्ष म्हणाल्या, "त्या बाईचं बरोबर आहे. आपण लोकांच्या घरातलं सगळं विचारतो, आपलं काहीच सांगत नाही."

अध्यक्षांना आम्ही सगळे सिस्टर म्हणतो. सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून उभी हयात गेली त्यांची. नागरी हक्कांसाठी काम करणारी आमची संघटना छोटी आहे. गुलमंडीमागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. सभांमधून आम्ही एक पुस्तिका वाटतो. तिच्या नव्या आवृत्तीत पदाधिकाऱ्यांचे परिचय छापायचं ठरलं आणि मी कॉलेजात मराठी शिकवलेलं असल्यामुळं ते काम माझ्या गळ्यात पडलं.

परिचय लिहिणं मला सोपं वाटलं होतं. शिक्षण, नोकरी, पद, चार ओळी. मी आधी वकीलसाहेबांकडं गेले. त्यांचं गाव वैजापूरजवळ, घरी कापूस आणि कांदा. गप्पांच्या ओघात ते म्हणाले, "आमचे वडील गावचे पोलीसपाटील होते. कुणाला उचलायचं असलं की जमादार आधी आमच्या ओसरीवर चहा प्यायचा. तिथंच नावं निघायची. आत आमाला समदं ऐकू यायचं."

"हे लिहू?"

"नाय, नाय! एलएलबी लिहा. खंडपीठात वकिली लिहा. बास झालं."

उपाध्यक्ष म्हणजे उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना आम्ही सर म्हणतो. शाळा सुटली की मोहल्ल्यातली माणसं रेशनकार्डापासून जामिनापर्यंतचे अर्ज लिहून घ्यायला त्यांच्यासमोर रांग लावायची. "अर्ज लिहिता लिहिता इधर आलो, मॅडम," ते म्हणाले. "लोगां समझते मैं वकील हूँ. तेवढं मात्र लिहू नका."

सिस्टरकडं मी शेवटी गेले, सिडकोतल्या त्यांच्या फ्लॅटवर. सकाळची वंदना उरकून त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी घरूनच मसुदा लिहून नेला होता. प्रदीर्घ शासकीय सेवा, परिचारिकांच्या संघटनेत काम, उत्कृष्ट सेवेचा पुरस्कार. मी वाचून दाखवला. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पुरस्कार काढ."

"का?"

"त्या जागेवर दुसरं लिहायचंय."

मग त्यांनी सांगितलं. मेथी निवडणं चालूच होतं.

नोकरीचं पहिलंच पोस्टिंग. तालुक्याचा दवाखाना. दुपारच्या पाळीत पोलिसांनी एका तरुण माणसाला आणलं. त्याला खाली पाय टेकवता येत नव्हते. दोघांनी धरून त्याला खाटेवर टाकलं. सिस्टरनी त्याचे पाय धुतले. दोन्ही तळपाय सुजून काळेनिळे झालेले, त्यांवर आडवे वळ. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, पडून मार. वॉर्डच्या रिपोर्ट बुकात सिस्टरना पाळीची नोंद करायची होती. त्यांनीही लिहिलं, पडून मार.

"पडून कुणाचे तळपाय सुजत नाहीत," त्या म्हणाल्या. "हे मला तेव्हाही माहीत होतं."

पुढं चौकशी झाली. त्या माणसाच्या आईनं तक्रार केली होती. चौकशीत रिपोर्ट बुक उघडून त्यांना विचारलं, अक्षर तुमचं का? त्यांनी हो म्हटलं. पुढचं कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. तक्रार निकाली निघाली. त्या बाहेर पडल्या तेव्हा ती आई पायरीवर बसली होती. तिनं सिस्टरना ओळखलं आणि म्हणाली, "बाई, तुमी त्याचे पाय धुतले व्हते ना?"

"मी काय बोलले असेन?" सिस्टरनी मला विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "ड्यूटीला उशीर होतोय म्हणाले."

मी त्यांच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेतली आणि पानं खुडत बसले.

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा वकीलसाहेब ताडकन उठून उभे राहिले. "सिस्टर, उद्या एखाद्या केसमध्ये तुमची साक्ष लागली तर समोरचा वकील हेच पान काढून दाखवील. खोटी नोंद करणाऱ्या बाई म्हणून."

"दाखवू दे. त्यात खोटं काय आहे?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनीच विचारलं होतं, तुम्ही कोण म्हणून."

सर टेबलावर बोटं फिरवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लिखने दो. लेकिन अल्फाज कम. एक जुमला, बस."

तो एक जुमला, म्हणजे एक वाक्य, लिहायला मला चार दिवस लागले. एका खर्ड्यात मी 'वरिष्ठांच्या दबावामुळे' असे शब्द घातले होते. सिस्टरनी पेन मागून घेतलं आणि त्यावर काट मारली.

"दबाव कुणी टाकला? डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी लिहिलं, मी उतरवलं. सोपं होतं म्हणून उतरवलं."

इतकी वर्षं मी मुलांचे निबंध तपासले, पण शब्द असा खोडलेला मी पाहिला नव्हता. घरी येऊन मी तो खर्डा पुन्हा काढला. 'दबावामुळे' मी त्यांच्यासाठी लिहिलं होतं की माझ्यासाठी? कॉलेजात मीही कितीतरी ठरावांवर न वाचता सह्या केल्या होत्या. अगदी सोपं असायचं ते.

शेवटी वाक्य असं झालं: 'नोकरीच्या सुरुवातीला एका रुग्णाच्या तळपायांवर माराचे वळ दिसत असूनही त्यांनी नोंदीत पडून मार असे लिहिले, ती नोंद त्यांना आजही चुकीची वाटते.' सिस्टरनी 'वाटते' खोडून 'होती' केलं आणि 'त्यांना आजही' काढून टाकलं.

पुस्तिका छापायला जायच्या आदल्या दिवशी वकीलसाहेब माझ्या घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग खिशातून चिठ्ठी काढली. 'वडील गावचे पोलीसपाटील होते. त्यांच्या ओसरीवर जे ऐकले त्यातून वकिलीकडे वळलो.'

"वडलांना विचारलंत?" मी म्हटलं.

"वाचून दाखवलं. मग म्हणले, चहा मी पाजायचो, हे खरं हाय. छाप."

पुस्तिका निघाली. आमचा एक जुना सभासद सिस्टरच्या परिचयावरून चिडला आणि सोडून गेला. 'संघटनेची अब्रू घालवली' असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. सिस्टरनी ते पत्र दोनदा वाचलं आणि फाईलला लावलं. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या. ते पत्र त्यांच्या मनाला लागलं होतं, हे चालण्यावरून दिसत होतं.

मग एका दुपारी ऑफिसात फोन आला. मी आणि सिस्टर दोघीच होतो. फोनवर दुसऱ्या जिल्ह्यातली एक तरुण नर्स होती. तिच्या वॉर्डातल्या कुणा रुग्णाच्या नातेवाइकाजवळ आमची पुस्तिका होती, त्यातलं सिस्टरच्या परिचयाचं पान तिनं वाचलं होतं. आवाज इतका दबका की सिस्टरनी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, माझ्यासमोर आत्ता तसंच आहे. पाठीवर आहे. काय लिहू?"

सिस्टर खुर्चीत सरळ झाल्या. "दिसतंय तेवढं लिही. कुणी मारलं ते लिहू नको, ते तू पाहिलेलं नाहीस. कुठल्या बाजूला, किती लांब, रंग कोणता. पट्टीनं मोज. वेळ घाल, सही कर."

"डॉक्टर काही म्हणाले तर?"

"डॉक्टरांचं डॉक्टर लिहितील. तुझं अक्षर तुझं आहे."

फोन ठेवल्यावर त्या घटाघट पाणी प्यायल्या.

त्या मुलीनं तसंच लिहिलं. तिची नोंद बघून डॉक्टरांनीही आपला केसपेपर नीट लिहिला, हे तिनंच नंतर कळवलं. पुढं महिन्याभरात तिला वॉर्डातून काढून लसीकरणाच्या कामावर टाकलं. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता, तिलाही सांगता येईना. सिस्टर अस्वस्थ झाल्या. एका रविवारी त्या मला घेऊन एसटीनं तिच्या गावी गेल्या.

मुलीनं आमच्यासाठी पोहे केले. तिची लहानगी लेक सिस्टरच्या चष्म्याशी खेळत होती. बशा उचलताना ती नर्स एकदम म्हणाली, "मॅडम, रागावू नका, पण मी संघटनेत नाही येणार. ह्यांची पण नोकरी आहे, घरात सासू-सासरे आहेत."

"येऊ नको," सिस्टर म्हणाल्या. "मी बोलवायला आलेच नाही."

"मग?"

"तुला बघायला आले. लसीकरणात उन्हाचं फिरावं लागतं का?"

"लई फिरावं लागतं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळी हसली. मग दोघी तासभर नोकरीचंच बोलत बसल्या. बदल्या, पाळ्या, सुजणारे पाय, कोणती चप्पल चांगली. मी लेकीला खेळवत ऐकत होते. निघताना सिस्टरनी आपण चप्पल घेतो त्या दुकानाचा पत्ता तिला कागदावर लिहून दिला.