पापडाच्या लाट्या आणि टाकणखार

ठाण्यासमोर जमलेला तो जमाव आजही डोळ्यांपुढे उभा राहतो. "तिले बाहेर काढा!" लोक ओरडत होते.

मी तेव्हा दारव्हा तालुक्यात ठाणेदार होतो. सकाळी सरकारी दवाखान्यातून फोन आला. पापडाच्या लाट्या खाऊन एका म्हाताऱ्याला उलट्या सुरू झाल्या होत्या. प्रकृती गंभीर, विषबाधेचा संशय. म्हाताऱ्याच्या मुलीनं थेट वहिनीकडे बोट दाखवलं. "तिचं अन् बाबाचं पटतच नव्हतं. तिनंच कालवलं."

सुनेला ठाण्यात आणलं, तसा बाहेर जमाव जमला. महिला शिपायासमोर तिची चौकशी सुरू केली.

"लाट्यांत काय टाकलं?"

"उडदाचं पीठ, मीठ, पापडखार. मी बी खाल्ल्या साहेब," म्हणत ती तिथेच ओकली.

विष घालणारी स्वतः ते खात नाही. तिनं पाण्याचा पेला घेतला तेव्हा सोललेली बोटं दिसली. नाकपुडीत रक्त सुकलं होतं.

"हे कशानं झालं?"

"शेडात टाकणखाराच्या पुड्या भरतो आम्ही. सोनाराले लागते, कपडे धुवाले लागते. धूळ उडते, खोकला येते, नाकातून रक्त येते. समद्या बायायले."

"आणि पापडखार?"

"तिथूनच आणला. मालक मांगच्या खोलीत नवीन पुड्या भरून राह्यला."

दोघांच्या पोटात विषारी टाकणखार गेला असावा, असं डॉक्टरांना कळवून तिला दवाखान्यात पाठवलं आणि शेडवर छापा घातला. पांढऱ्या धुळीत बाया तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मागच्या खोलीत पापडखाराच्या पुड्या, आणि शेजारी पोती टाकणखाराचीच. मालक आधी उडवाउडवी करत होता. पंचांसमोर पोतं उघडल्यावर म्हणाला, "हे स्वस्त पडते साहेब. दोन्ही पांढरंच तं असते."

पुड्या आठवडी बाजारात पोचल्या होत्या. जीपच्या भोंग्यावरून ओरडत आम्ही बाजार पालथा घातला. आर्णीकडे निघालेली काळीपिवळी अडवून एका बाईच्या पिशवीतून पुडी काढली. तिच्या घरी लग्नाचे पापड व्हायचे होते.

म्हातारा वाचला, सूनही सावरली. मालकाला अटक झाली. बायांचे जबाब घेताना मी विचारलं, "इतका त्रास होता, तर तक्रार का केली नाही?"

त्यांतली वयस्कर बाई म्हणाली, "कोनी मेलं नव्हतं ना साहेब."

तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात पाऊल टाकलं की मालकाचं बोलणं मी नंतर ऐकतो. आधी माणसं खोकतात का, ते ऐकतो.