केरूदादाची गिरणी आणि चिंचोक्यांचा बाजार

केरूदादाच्या गिरणीत दोन गोष्टी दळून मिळायच्या: तांदूळ आणि बातमी. पंढरीची म्हैस कधी विणार, दीपेशचं लग्न टिकणार की मोडणार, एसटी गावात शिरणार की फाट्यावरूनच पाठ फिरवणार, असं काही विचारायचं झालं की शेणवे गावाच्या अलीकडची सगळी वस्ती डबा डोक्यावर घेऊन गिरणीत यायची. केरू पट्टा बंद करायचा, मिशीवरचं पीठ झटकायचा आणि सांगायचा. बहुतेक वेळा खरं निघायचं. नाही निघालं तर म्हणायचा, "मी बोललो तवा बरोबरच होतं. मागाहून बदललं."

अशा या संस्थानावर परचक्र आलं ते घरातूनच. पुतण्या अनिकेत घरून काम करायची परवानगी घेऊन गावी आला. रेंज फक्त समाजमंदिराच्या ओट्यावर, म्हणून तिथंच लॅपटॉप उघडून बसू लागला.

"काय करतोस रे अन्या दिवसभर?" केरूनं विचारलं.

"काका, परदेशात असे बाजार हायेत, तिथं लोक भाजी नाय, अंदाज विकत घेतात. निवडणूक कोण जिंकणार, पाऊस किती पडणार. जास्त लोकांना जे होणारसं वाटतं, त्याचा भाव चढतो."

"मंग?"

"मंग एआयचे एजंट असतात. तुमी विचारलंत की त्यांनी बाजारात जाऊन भाव आणायचा. पण त्यांना दार सापडत नाय. ते दार आमी बनवतो. आज काय भाव, काल काय होता, कधी पलटला, सगळं एजंटला एका हाकेत मिळतं."

केरूला एजंट म्हणजे विम्याचा माहीत. तो आला की चहा झाल्याशिवाय उठत नसे. "तुझ्या एजंटला चहा लागतो का?"

"नाय."

"मंग कसला एजंट! आणि काय होणार ते तो सांगत नाय? लोक काय म्हणतात ते नुसतं आणून देतो?"

"बरोबर."

"अरे, ते तर मी पट्टा चालवता चालवता करतोय!" केरू हसला.

सरपंचाची निवडणूक लागली आणि अनिकेतला आपलं दार तपासायला गावचाच बाजार मांडायची हुक्की आली. पैसे नाहीत, दर घराला ओंजळभर चिंचोके. उभ्या दोघीच; गुणाबाईवर लावा नाहीतर सकुबाईवर. मतदानापर्यंत बदलायची मुभा. जिंकणाऱ्या बाजूनं हरणाऱ्यांचे चिंचोके वाटून घ्यायचे. नोंद मोबाईलवर, आणि विचारलं की एजंट गोड बाईच्या आवाजात भाव सांगणार.

त्या गोड आवाजानं केरूचं वाटोळं केलं. डबे गिरणीत यायचे, माणसं ओट्यावर जायची. केरू एकटाच पट्ट्याच्या खडखडाटात डोकं खाजवत बसायचा. एकदा भिमी डबा न्यायला आली, फोन कानाला लावूनच.

"सकुबाई पुढं हाये, दादा. फोन बोलला."

"फोन बोलला? आणि परवा मी काय बोललो होतो?"

"तुमी पन तेच बोलला होता वाटतं."

ते 'वाटतं' केरूला जात्याच्या दगडासारखं बसलं.

कारण सकुबाई येणार हा शोध त्याचा स्वतःचा होता. गुणाबाईचे बॅनर होते, स्पीकर होता, मटणाचा वास दोन वाड्यांपलीकडे जात होता. पण केरू डब्यांच्या रांगेकडे बघायचा. गिरणीच्या रांगेत बाई सख्ख्या बहिणीचा डबा बोटभर पुढं जाऊ देत नाही; त्यावरून अबोले धरलेली घरं गावात आहेत. आणि सकुबाईचा डबा मात्र बाया आपल्या हातानं पुढं सारत होत्या! जेवताना त्यानं बायकोला सांगितलं होतं, "चंद्रे, सकुबाई येते. लिवून ठेव."

"लिवायचं कशाला? ऐकलं की," चंद्राबाई म्हणाली आणि त्याला भाकरी वाढली.

आता तेच त्याचं ज्ञान फोनच्या तोंडून गावभर फिरत होतं. पीठ माझं आणि नाव चाळणीचं! केरूचं डोकं फिरलं. फोनला तोंडघशी पाडायचं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी भिमीला जवळ बोलावून म्हणाला, "कुणाला सांगू नको. गुणाबाई." मग रांगेतल्या मंगळूला म्हणाला, "कुणाला सांगू नको. गुणाबाई."

गावात 'कुणाला सांगू नको'पेक्षा मोठा स्पीकर गुणाबाईकडेही नव्हता. दिवस मावळायच्या आत फोन गोड आवाजात गुणाबाईचं नाव घेऊ लागला. केरूनं गिरणीला तेल पाजलं आणि शीळ घातली.

शहापुराहून निकाल आला, गुलालानं लाल झालेल्या जीपमधून. सकुबाई! केरूनं कुणाचं तरी दळण अर्धवट सोडलं आणि पिठासकट ओट्यावर धावला.

"पडला ना तुमचा फोन तोंडावर? मला ठावं होतं, सकुबाईच येणार!"

मग मंगळू उठला. "ठावं होतं? मंग मला गुणाबाई कोन बोललं? सगळे चिंचोके गेले तुमच्यापायी!"

"माझे बी," भिमी म्हणाली. "कानात बोलले. कानाला पीठ लागलेलं घरी जाऊन धुतलं मी."

अनिकेतनं बिचाऱ्यानं मन लावून फोन दाखवला. "काका, फोन चुकला नाय. गाव म्हणत होतं तेच त्यानं आणलं. हे बघा, गुणाबाईचा भाव कुठं पलटला. त्या दिवशी तुमी गिरणी उघडलीत आणि तिथून चढत गेला."

केरूनं ती वर चढत जाणारी रेघ पाहिली. म्हणजे इतके दिवस ती गोड बाई आपलंच बोलत होती! छाती क्षणभर फुगली. आणि लगेच बसली, कारण रेघ त्याची होती, पण थापेची होती.

"मंग जिंकलं कोन?" कुणीतरी विचारलं.

"चंद्राबाई," फोन म्हणाला. मतं कुणालाही दिली असोत, चिंचोक्यांत सगळ्या गावात एकच घर, केरूचं, सकुबाईवर ठाम राहिलं होतं. फोननं ते आधीही सांगितलं असतं, पण केरूनं त्याच्याशी अबोला धरला होता.

चंद्राबाई पदर पसरून आली आणि गावचे चिंचोके भरून घेऊ लागली.

"गो, मी बाहेर गुणाबाई बोलतोय हे ऐकलंस ना तू?"

"ऐकलं की. पन जेवताना तुमी खोटं बोलत नाय. बाहेर काय बोलता त्यावर मी कशाला लावू?"

तेव्हापासून डबे केरूच्या गिरणीत आणि माणसं चंद्राबाईच्या चुलीपाशी. केरू पट्टा बंद करून मिशी झटकतो, तर समोरची बाई विचारते, "वहिनी काय म्हनतात?" फोनचा हेवा परवडला; फोन निदान भाकरी थापत नव्हता, त्याच्याशी अबोला धरता येत होता.

परवा चिंचोक्यांच्या बाजारात दीपेशचं लग्न आलं. टिकणार की मोडणार? केरूनं जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू कशावर लावलेस गो?"

"बाजारात बघा."

केरूनं हात धुतले, चुलीकडे पाठ केली आणि जन्मात पहिल्यांदा फोन तोंडाशी नेला. "बाई," तो हळूच म्हणाला, "चंद्राबाई काय म्हणते?"

"जरा मोठ्यानं विचारा," चुलीकडून आवाज आला, "तिला ऐकू येत नसंल."