गळ्याचं माप

टेलरमास्तरांचा राग गल्लीभर प्रसिद्ध होता. आधी घाम फुटायचा, चेहरा पांढराफटक पडायचा, छाती धडधडायची, आणि मग हातातली कात्री कुठे जाईल याचा नेम नसायचा. गिऱ्हाइकं उंबऱ्यातूनच विचारायची, "मास्तर, आज हवा कशी आहे?" त्यांचे वडीलही असेच, ओरडता ओरडताच गेले. खाण तशी माती, असं म्हणून लोक मोकळे झाले. मास्तरांची मुलगी तर बापाच्याही वरताण. तिचं नावच ठिणगी पडलेलं. एकटा धाकटा तेवढा आईवर गेलेला, गाईसारखा गरीब. "आमची ही इस्टेट त्याच्यापर्यंत पोचली नाही," मास्तर कौतुकाने सांगायचे.

साठीत ते शिलाई मशीनवरच कोसळले, तेव्हा कळलं की हा नुसता राग नव्हताच. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ होती, तीच मधूनमधून रक्तात रागाचं रसायन सोडायची. ऑपरेशन करून ती काढली.

"पेशीच्या दारावर एक घंटा असते असं समजा," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "निरोप आला की ती वाजते, मग पेशी वाढते. तुमच्या जनुकातल्या दोषामुळे ती अडकून बसलीय, कुणी न येताही वाजत राहते. गळ्यातल्या थायरॉइडचा कॅन्सरही त्यातूनच होतो. प्रत्येक मुलाला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी. दोघांचं रक्त तपासू."

"जन्मभर भांडले मी तुमच्याशी," बायको रडत म्हणाली, "आणि तो आजार होता होय!"

ठिणगीबद्दल कुणाला शंकाच नव्हती. मास्तर तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. "बाबा, मेलेल्या माणसाशी बोलल्यासारखं बोलू नका हं," ती फणकारली. धाकट्याची काळजी कुणीच केली नाही.

तपासणीचा निकाल आला. ठिणगीचं रक्त स्वच्छ होतं. तिचा राग तिचा स्वतःचा होता. दोष निघाला धाकट्यात.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" ती दवाखाना दणाणून सोडत ओरडली आणि भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याचा गळा चाचपला. "ही सूज कधीपासून आहे?"

"दुखत नाही हो, म्हणून लक्षच गेलं नाही."

मुलाचे शर्ट मास्तर स्वतःच शिवत. गेल्या वर्षी त्यांनी कॉलर अर्धा इंच वाढवली होती, यंदा पुन्हा वाढवली. छाती तीच, कंबर तीच. तरी घरी येऊन बायकोला आनंदाने सांगितलं होतं, "पोरगं अंगाला लागलं बरं का!"

पुढच्या तपासण्यांत कॅन्सर फुप्फुसापर्यंत गेलेला दिसला. पूर्ण बरं होण्याची वेळ टळून गेली होती. घरी परतताना मास्तर सगळा रस्ता गप्प होते. दाराशी आल्यावर धाकट्याने त्यांचा हात धरला.

"बाबा, एकदा चिडा ना. तुम्ही असे गप्प राहिलात की मला भीती वाटते."

मास्तरांनी मनापासून प्रयत्न केला. पण गाठ काढल्यापासून त्यांना तसा राग येतच नव्हता.