गाडीखालची ताई

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. भावोजी एवढंच म्हणाले, "हार्ट अटॅक. तू ये." घाटकोपरहून भांडुपला पोचले, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांची पांढरी गाडी धुऊनपुसून उभी होती... सकाळीच ताईनं धुतली होती म्हणे.

भावोजींना गाडीची हौस फार. पण फक्त चालवायची, सांभाळायची नाही. दर मे महिन्यात मालवणला गेलं की गाडी थेट किनाऱ्यावर घालायचे, चाकांवरून लाट जाईपर्यंत. शेजारी बसलेली ताई ओरडायची, "अहो, खारं पाणी पत्रा खातं!" ते हसायचे, "गाडी माझी की तुझी?" भांडुपला परतलं की ताई जुनी चादर अंथरून गाडीखाली शिरायची. पाइपानं मीठ धुवायची, गंजाचे पोपडे पॉलिशपेपरनं घासून काढायची, वर रेडऑक्साइडचा हात द्यायची. शेजारचे विचारायचे, "काय वहिनी, गॅरेज काढलं का?" ती हसण्यावारी न्यायची. तिचं दुखणं वेगळंच होतं. पन्नाशीत ती ड्रायव्हिंग शिकली, लायसन्सही काढलं. पण "मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तू? वाट लावशील," म्हणत भावोजींनी किल्ली कधी तिच्या हातात दिली नाही.

शेवटची भेटली तेव्हा तिनं ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलून दाखवलं. पत्र्याला तळहाताएवढं भोक पडलं होतं, खालची फरशी दिसत होती.

"भावोजींना सांगितलंस?"

"सांगितलं ना. म्हणाले, मॅट आहे की वर." मग हळूच म्हणाली, "एकदा तरी स्वतः चालवत तुझ्याकडे यायचं होतं गं."

अस्थी मालवणला सोडायचं ठरलं. भावोजींनी कलश माझ्या मांडीवर दिला आणि गाडी वाळूवरून सरळ पाण्यात घातली. "थांबवा इथेच," मी म्हटलं. "तिला आवडायचं असं," ते म्हणाले. आणि खरंच वाटत होतं त्यांना तसं... इतकी वर्षं तिचं ओरडणं त्यांनी कौतुक समजूनच ऐकलं होतं. मी दार उघडलं, पाण्यात उतरले आणि कलश घेऊन एकटीच पुढे गेले.

गेल्या रविवारी भांडुपला जाऊन आले. गाडीच्या चाकांवर मीठ पांढरं सुकलंय, दारांची खालची कड फुगून तांबडी झालीय. भावोजी खाली आले, बोटानं एक पोपडा उचकटला आणि वैतागून म्हणाले, "बघ ना, लगेच गंजायला लागली. आता धुवायला कुणीतरी माणूस ठेवावा लागेल."