मोशेचे दोन फटके

इतर लोक आपापल्या संतांचे चमत्कार सांगतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीकाका आपल्या नबींच्या चुका सांगत. नबी म्हणजे देवाचा निरोप आणणारा माणूस, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. एक नबी काम टाळून जहाजात बसून पळाला, दुसरा झुडपाखाली बसून मरण मागू लागला. घरातल्या माणसांच्या खोड्या सांगाव्यात तसं काका हे सांगत. मी एकदा विचारलं, "काका, तुमच्यात एकही धड नबी झाला नाही का?"

"धड माणूस माझ्या काय कामाचा, सावंत? त्याला माझी अडचण कळणार कशी?"

काका बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. घराणं मूळ कोकणातलं. ठाण्यात खाडीच्या बाजूला आमची सोळा बिऱ्हाडांची जुनी इमारत होती. तिथे पहिल्या मजल्यावर ते आणि त्यांची थोरली बहीण रिबकाताई राहत. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली म्हणून ताईंनीच त्यांना वाढवलेलं. साठी उलटलेल्या भावाला त्या जिन्यात सगळ्यांदेखत विचारत, "रुमाल घेतलास का रे?" आणि काका निमूटपणे खिसा चाचपून दाखवत.

बावीस वर्षं ते सेक्रेटरी होते. रोज सकाळी मी खुणा केलेली काठी टाकीत बुडवून पाणी किती इंच आहे ते त्यांना सांगायचो आणि ते वहीत लिहायचे. शनिवारी त्यांच्या धर्मात लिहायचं नसतं. त्या दिवशी ते आकडा नुसता ऐकत आणि अंधार पडल्यावर उतरवत. मी त्या नोंदी ताडून पाहिल्या आहेत. एका इंचाचाही फरक नाही. इमारत पाडून नवी बांधायची, यासाठी महापालिकेत नऊ वर्षं खेटे घातले तेही त्यांनीच.

रिबकाताई एका मे महिन्यात गेल्या. त्यांच्यात मरणानंतर सात दिवस घरच्यांनी उंबरा ओलांडायचा नसतो, जमिनीवर बसून राहायचं असतं. चौथ्या दिवशी टाकीत पाच इंच पाणी उरलं. टँकर येईना, आणि टँकरवाला ऐके ते फक्त काकांचं. खाली बादल्या घेऊन माणसं जमली. मी वर जाऊन दार वाजवलं.

काका दाढी वाढलेल्या चेहऱ्याने उठले. फोन केला आणि माझ्या मागोमाग खाली आले. टँकर निघाला होता, पण लोकांना दम धरवेना. दुसऱ्या मजल्यावरच्या कदमबाई म्हणाल्या, "सेक्रेटरी दार लावून बसले की असंच व्हायचं!"

काकांनी माझ्या हातातली मोजायची काठी ओढून घेतली. "हरामखोरांनो, मी आणतो म्हणून पाणी पिताय तुम्ही!" आणि कदमबाईंच्या रिकाम्या बादलीवर दोनदा मारली. बादली उभी फुटली.

आठवड्याने सभा झाली. काकांनी न मागता राजीनामा दिला. सभेचं इतिवृत्त मी लिहिलं: 'सचिवांनी सभासदांना अपशब्द वापरले व काठीने एक बादली फोडली. राजीनामा मंजूर.' त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

पुढे इमारत पाडायला घेतली आणि आम्ही सगळे पांगलो. काकांनी कळव्यात खोली घेतली. तिच्या गॅलरीतून खाडीपलीकडे आमचं नवं बांधकाम दिसे. मी रविवारी जायचो. काका विचारत, "कितवा स्लॅब?" त्यांना मोजता येत होते, तरी विचारत.

तिथेच त्यांनी मला मोशेची चूक सांगितली. मोशेने लोकांना गुलामीतून सोडवलं, चाळीस वर्षं रानातून चालवलं. एकदा पाणी संपलं. देव म्हणाला, खडकाशी बोल, पाणी येईल. लोकांच्या कटकटीने मोशे चिडला. त्यांना बंडखोर म्हणाला, आणि खडकावर काठीचे दोन फटके मारले. पाणी आलं, पण देवाने सांगितलं, कबूल केलेल्या देशात तू पाऊल टाकणार नाहीस. शेवटी डोंगरावरून त्याने तो देश नुसता पाहिला.

मी म्हटलं, "काका, हिशेब जुळत नाही. चाळीस वर्षं एकीकडे, दोन फटके एकीकडे!"

"फटक्यांचं सोड रे. तो म्हणाला, 'आम्ही काढायचं का तुमच्यासाठी पाणी?' आम्ही! पाणी याचं होतं का?"

"माणूस वैतागतो हो कधी."

"लोक तहानलेले होते, सावंत. तहानलेल्याला शिवी द्यायची नसते." मग गॅलरीकडे पाहून म्हणाले, "बादली नवी होती का रे कदमबाईंची?"

अकराव्या स्लॅबच्या वेळी काका गेले. त्यांचा मराठी धर्मग्रंथ एका चुलत पुतण्याने मला आणून दिला. काकांनी तसं सांगून ठेवलं होतं. मी तो अध्याय काढला. सगळा पेन्सिलीने भरलेला. 'आम्ही'खाली तर इतक्या रेघा की कागद फाटायला आला होता. पण अध्यायाची सुरुवात पाण्याने होत नाही. पहिल्याच ओळीत मिर्याम मरते आणि तिला तिथे पुरतात. मिर्याम म्हणजे मोशेची थोरली बहीण. तो तान्हा असताना नदीकाठी उभं राहून तिने त्याच्यावर नजर ठेवली होती. आणि लगेच पुढच्या ओळीत पाणी नाही म्हणून लोक मोशेच्या अंगावर येतात.

त्या पहिल्या ओळीखाली पेन्सिलीचा ठिपकाही नव्हता. मला गोष्ट सांगतानाही काकांनी ती गाळली होती.

नव्या इमारतीतल्या पहिल्या सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, "जुन्या इतिवृत्तात एक नोंद राहिली आहे. त्या दिवशी सचिवांच्या बहिणीला जाऊन चार दिवस झाले होते. त्यांना सात दिवस बाहेर पडायचं नव्हतं. दार मी वाजवलं."

अध्यक्ष म्हणाले, "अहो सावंत, आता ते कशाला? माणूसही राहिला नाही."

कदमबाई मागच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "लिहा हो. आणि हेही लिहा, बादली जुनीच होती."

ती नवी होती. मी जुनी लिहिलं.