सिस्टरच्या डब्यातला उजेड

माझ्या आत्याला कुणी जयभीम घातला, नमस्कार केला, की उत्तर यायच्या आधी तिचा अंगठा समोरच्याच्या डोळ्याखाली जायचा. "वर पाह्य," म्हणायची, खालची पापणी अलगद ओढायची, आतला रंग बघायची आणि मग म्हणायची, "जयभीम. बस." माझ्या लग्नात ती आहेर घेऊन स्टेजवर आली, तेव्हा तिने आधी माझी पापणी ओढली आणि मग नवरदेवाची. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण पकडला. अल्बममध्ये माझा नवरा मांडवाच्या छताकडे भेदरून बघतो आहे आणि आत्या त्याच्या डोळ्यात वाकून बघते आहे. खाली उतरून ती माझ्या आईला म्हणाली, "पोरगं चांगलं आहे. रक्त आहे अंगात."

तिला सगळे सिस्टर म्हणत. आधी अकोल्याकडच्या खेड्यांत आणि शेवटची वर्षं वरूडच्या बाजूला ती सरकारी नर्स होती. ती निवृत्त झाली तेव्हा वऱ्हाडातलं एखादं गाव रोज पेपरात यायचं, आणि चांगल्या बातमीसाठी नव्हे. ज्या घरी शेतकऱ्याने जीव दिला असेल तिथे गाड्या जायच्या, पुढारी जायचे, फोटो निघायचे. आत्याही जायची, पण तिची पावलं सरळ आत चुलीकडे वळत. "बाहेर साऱ्या गावाची मानसं बसून राहिली," ती मला म्हणाली होती, "अन् आत बसलेल्या बाईले चक्कर येते का, हे काहून कोणी इचारत नाई?"

हा प्रश्न तिला सोडेना. त्यातूनच, गावोगाव जाऊन बायांना तपासायला, तिने डबा घेतला. रस्ते बांधणाऱ्या एका कंत्राटदाराने आपल्या इंजिनियरांना मुक्कामासाठी ही चाकांवरची खोली बनवून घेतली होती. जीपच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत पलंग, छोटं बेसिन, कपाट, छताला गोल दिवे. काम संपल्यावर ती अकोल्यात भंगाराच्या आवारात पडली होती. आत्याने ती विकत घेतली, डेटॉलने धुतली आणि खिडक्यांना पडदे शिवले. जीप चालवायला शेजारचे रशीदभाई आले, तेही नुकतेच एसटीतून निवृत्त झाले होते. अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंनी शब्द दिला, की सिस्टर पाठवेल ती बाई मी तपासेन. नातेवाईक म्हणाले, या वयात घर बांधायचं सोडून हे काय? आत्या म्हणाली, "घरच आहे हे. फक्त चाकं आहेत त्याले."

पण एक अडचण होती. बाया दिवसा येत नसत. दिवसभर कापूस वेचायचा, संत्र्याच्या बागेत खुरपायचं, घरी येऊन चूल पेटवायची, आणि मग दिवेलागणीला तोंडावर पाणी मारून त्या डब्याकडे यायच्या. म्हणजे सगळी तपासणी दिव्याच्या उजेडात. आणि डब्यातले दिवे जुने, पिवळट. चार-पाच बाया झाल्या की बॅटरी उतरायची आणि बल्बची तार लालसर होऊन बसायची.

एका संध्याकाळी वरूडजवळच्या गावात एक गरोदर बाई आली. मळमळतं म्हणाली. आत्याने पापणी ओढून बघितली, गोळ्या दिल्या, घरी पाठवली. सकाळी निघताना तीच बाई हंडा घेऊन उन्हात उभी दिसली. आत्याने जीप थांबवायला लावली. उन्हात त्या बाईच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा दिसत होता. कावीळ होती. रशीदभाईंनी डबा तिथेच सोडला आणि तिला घेऊन जीप थेट अमरावतीला नेली. बाई वाचली, पुढे बाळही नीट झालं. पण आत्या दोन दिवस जेवली नाही नीट. "काल मी तिले घरी पाठवलं होतं," ती म्हणत राहिली. "पिवळ्या उजेडात पिवळं दिसत नाई, हे मले समजाले पाहिजे होतं."

तेव्हा एलईडीचे दिवे नवे नवे बाजारात येत होते. कुणीतरी सांगितलं, बॅटरी खात नाहीत, लख्ख पडतात. अकोल्यातून एक पट्टी आणून छताला चिकटवली. उजेड असा पांढरा-निळा पडला, की पहिल्याच संध्याकाळी आत्याला गावातल्या साऱ्या बाया रक्त नसलेल्या दिसल्या. तिने रशीदभाईंना आत बोलावलं, त्यांची पापणी ओढली आणि हताश होऊन पलंगावर बसली. "ह्या उजेडात तर तुमी बी गेल्यासारखे दिसून राहिले, रशीदभाई."

"मै तो अभी डब्बल चाय पी के आया, सिस्टर," रशीदभाई म्हणाले.

मग आम्ही अमरावतीला गाड्यांच्या लाइटच्या दुकानात गेलो. मी तिथल्याच कॉलेजात शिकवत होते, म्हणून मला सोबत घेतलं. दुकानदार तरुण होता, बोलका. त्याने काउंटरवर दिव्यांची रास मांडली. एक आकाराला बरोबर, पण त्याचा उजेड निळसर. दुसऱ्याचा उजेड पिवळट, पण मग जुना बल्ब काय वाईट होता? रशीदभाईंनी विचारलं, "जीप चालू झाली की बॅटरी चौदा व्होल्टच्या वर जाते. जळणार तर नाही ना?" दुकानदाराने तीस व्होल्टपर्यंत टिकणारे दिवे वेगळे काढले. आत्याचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. तिने पर्समधून पांढरा रुमाल काढला, त्यावर चिमूटभर हळद पसरली आणि एकेक दिवा त्यावर धरू लागली. मग रुमाल घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात जायची, बघायची, परत आत यायची. खोक्यावर काय छापलंय, ते तिने एकदाही वाचलं नाही.

"मावशी, तुमाले नेमकं पाह्यजे काय?" दुकानदाराने शेवटी विचारलं. चिडून नाही, खरंच कळेना म्हणून.

"मले सकाळचं ऊन पाह्यजे," आत्या म्हणाली. "संध्याकाळी."

आणि का पाहिजे, तेही तिने सांगितलं. उन्हात उभ्या असलेल्या त्या बाईची गोष्ट ऐकताना दुकानदाराचे हात थांबले. त्याची बायको मागच्या खोलीत दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन बसली होती, तीही दारात येऊन ऐकू लागली. गोष्ट संपल्यावर त्याने काउंटरवरची सगळी रास बाजूला सारली आणि नागपूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. ना पिवळा, ना निळा, मधला रंग पाहिजे, बारा व्होल्टचा, आणि आधी नमुना पाठवा, असं त्याने बजावलं. पुढच्या आठवड्यात नमुना आला. हळद पिवळी दिसली, आत्याच्या तळहाताचा रंग उन्हातल्यासारखाच दिसला. "हाच," ती म्हणाली.

मागचे लाल दिवेही बदला, असा रशीदभाईंचा हट्ट होता. कापसाच्या गाड्या रस्त्यावर, मागून ट्रक येतात, डबा दिसलाच नाही तर? ते बदलले, तर इंडिकेटर भलत्याच घाईने उघडझाप करू लागला. नव्या दिव्यांना वीज कमी लागते म्हणून तसं होतं, त्यासाठी एक छोटा भाग बदलावा लागतो, असं दुकानदाराने समजावलं. आत्या म्हणाली, "त्याले बीपीचा त्रास आहे. देऊन टाका गोळी."

नव्या दिव्यांच्या पहिल्या संध्याकाळी मीही डब्यात होते. एक सासू सुनेला हाताला धरून घेऊन आली. सून विशीचीही नसेल. "हिले गोळी द्या काही तरी," सासू म्हणाली. "वावरात गेली का बसते, उठली का बसते. कामचोर आहे."

आत्याने कपाटातला आरसा काढला, दोघींना दिव्याखाली शेजारी-शेजारी बसवलं. आधी सासूची पापणी ओढली. "पाहा. काय दिसते?"

"लाल," सासू म्हणाली.

मग सुनेची. डब्यात सगळ्या बाया पुढे झुकल्या. सासू आरशात बघत राहिली. तिने स्वतःच्या बोटाने स्वतःची पापणी पुन्हा ओढून बघितली, मग परत सुनेची.

"पांढरीफक आहे वं माय," ती हळूच म्हणाली.

"कामचोर नाई ते," आत्या म्हणाली. "तिच्या अंगात उभं राहाले रक्त नाई."

सासूने सुनेच्या डोक्यावरचा पदर नीट केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः तिला घेऊन अमरावतीला डॉक्टरीणबाईंकडे आली. पण त्या पहिल्या संध्याकाळी डब्यातून कुणी लवकर उठलं नाही. बाया आरसा हातोहात फिरवत होत्या, एकमेकींच्या पापण्या ओढत होत्या, जावेला सांगत होत्या, तुझंबी पाह्य. मी आयुष्यात पुष्कळ वर्ग घेतले. असा वर्ग मला कधी घेता आला नाही.

आत्याने बरीच वर्षं डबा चालवला. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ऑपरेशन झालं, पण रंगांचा पहिल्यासारखा भरवसा तिला वाटेना. कुणी सांगायच्या आत तिने स्वतःच थांबायचं ठरवलं. दोन तरुण नर्सना आठवडाभर सोबत नेलं, कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि पुन्हा डब्यात पाय ठेवला नाही. "मी गेली का त्या मलेच इचारत बसतील," म्हणाली. दोन वर्षांनी ती गेली, झोपेत, शांतपणे. रशीदभाई त्या दिवशी आमच्या दारात उभे राहिले, आणि सगळे परत गेले तरी उभेच होते.

डबा अजून चालतो. मागच्या हिवाळ्यात मी सहज त्या नर्ससोबत एका खेड्यात गेले. डब्याबाहेर बाकावर बाया दाटीने बसल्या होत्या. मी प्राध्यापक, साडी इस्त्रीची, पायात सॅंडल. एका म्हाताऱ्या बाईने मला खालून वर बघितलं.

"तुमी कोण वं?"

नाव सांगायला मी तोंड उघडलं आणि थांबले.

"मी सिस्टरची भाची," म्हटलं.

बाक आधीच भरलेला होता. तरी बाया सरकल्या, आणि मला मधे जागा झाली.