शिऱ्यातली तीन बोटं

आमच्या चाळीतल्या समद्या माणसांचे हात एका सकाळी गुलाबी झाले, आणि त्याला कारण मी.

बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. सोलापुरात एका मिलच्या रंगखात्यात होतो मी. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तरांच्या चुकीमुळं (दुसरीतच काढायला पाहिजे होतं मला!). माझे हात बारा महिने तांबडे-हिरवे. बायको पारू म्हणायची, "तुमचा हात मळलाय का रंगलाय, देवालाच ठावं."

त्या साली पलीकडच्या गल्लीत जुलाबाची साथ आली. दवाखान्यातली नर्सबाई चाळीत येऊन सांगून गेली: नळाची चावी, संडासाची कडी, जिन्याचा कठडा, जिथं समद्यांचे हात लागतात तिथं जंतू बसतात. तिथनं हाताला, हातावरनं घासात, घासातनं पोटात!

मी म्हटलं, "बाई, दिसत न्हाईत तर हायत कशावरनं?"

"दिसले असते तर तुम्ही जेवलाच नसता, काका."

चाळ हसली. मला राग आला. पारूनं मात्र ते बोलणं अंगाऱ्यासारखं कपाळाला लावलं. रोज पहाटे नळाची चावी राखेनं घासायची. आमची लेक सुशी, तिला तर पारूनं चावी एरंडाच्या पानानं धरून फिरवायला शिकवलं. चाळ हसायची, मी सगळ्यांत मोठ्यानं. आणि मी घरात शिरलो की, "हात धुवा." ताटावर बसलो की, "हात धुवा." माझं उत्तर ठरलेलं, "जंतू दाखीव, मग धुतो!"

मग दाखवले की एकदा. तेही मीच.

सुशीला बघायला मंद्रूपची माणसं यायची होती. पोरगा मास्तर, घर चांगलं. धास्ती होती पोराच्या आईची. एका घरी तिनं तांब्यावर बोट फिरवून बघितलं आणि पाणीसुद्धा न पिता उठून गेली, अशी ख्याती! पारूच्या डोळ्याला चार दिवस डोळा नव्हता.

शिरा भाजता भाजता ती म्हणाली, "आवो, नळाला पाणी यायच्या आत तेवढी चावी, कडी अन् कठडा पुसून घ्या. फडकं खुंटीला हाय."

खुंटीला दोन फडकी होती. एक तिनं धुऊन ठेवलेलं. दुसरं माझं, रंगखात्यात नाकाला बांधायचं. मी कुठलं उचललं ते सांगायला नको! रंगाची पूड सुकी असली की धुळीसारखी दिसते. पाण्याचा थेंब लागला की मग तिचा अवतार बघा. फडकं ओलं करायचा मी आळस केला आणि चाळभर पुसत सुटलो. आयुष्यात एवढं मन लावून काम केलं नव्हतं. म्हणून परत आल्यावर, पारू सुशीची वेणी घालतेय असं बघून, थोडा शिरा खाल्ला. आधी पाणी प्यालो होतो, त्याच ओल्या हातानं. (मेहनतीचं फळ!)

नळाला पाणी आलं आणि शेजारची नरसम्मा किंचाळली, "अय्यो देवुडा! माझा हात बघा की!"

ज्यांनी तिचा हात धरून बघितला त्यांचेही हात गुलाबी. खालच्या खोलीतला भीमण्णा संडासातनं आला, तंबाखू मळली, मिशीला ताव दिला. मिशी गुलाबी!

त्याची बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हात धुऊनच तंबाखू मळतो म्हनत होता न्हवं? मग कडीचा रंग मिशीवर कसा आला वो?"

भाकरीवर पंजा, पोरांच्या नाकावर बोटं, नरसम्माच्या लोणच्याच्या बरणीवर भलत्याच कुणाचा अंगठा! मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो, "कुठल्या गाढवाचं काम हाय हे?" माझे हात रोजचेच रंगलेले, त्यामुळं कुणाला संशय नाही. मलाही नाही!

तेवढ्यात दारात टांगा थांबला.

पोराची आई कठडा धरून वर आली, घाम पुसला. कपाळ गुलाबी. नंतर तिनं आपला तळवा बघितला. "एन्री इदु?" म्हणजे, हे काय? (एवढं कानडी मला येत होतं. उत्तर येत नव्हतं.)

पारूनं माझ्याकडं बघितलं, मग खुंटीकडं. तिचं फडकं जसंच्या तसं. तिचं तोंड उतरलं. तरी धीर करून तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं.

शिऱ्याच्या मधोमध तीन बोटांचा गुलाबी खड्डा!

मी म्हटलं, "मांजर असंल."

"मांजराला तीन बोटं आसत्यात व्हय?" पारू कडाडली. "दिसलं का आता जंतू? कडीवरनं हातात, हातातनं शिऱ्यात! समदं वाटुळं केलं की माझ्या लेकीचं!" आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मी भिंतीत शिरायला जागा शोधली.

पोराची आई उठली. आता चालली, असं वाटलं. पण ती सुशीपाशी गेली. "हात बघू, पोरी."

सुशीनं दोन्ही हात पुढं केले. नितळ! सकाळी तिनंही नळ सोडला होता, पण एरंडाच्या पानानं.

"आख्ख्या चाळीत येवडाच हात शाबूत हाय," बाई म्हणाली. "पोरगी आमची. पर येक अट. लग्नात ह्या व्याह्यांना वाढायला सोडायचं न्हाय."

सोडलं नाहीच. लेकीच्या लग्नात मी फक्त अक्षता टाकल्या, त्याही पारूनं माझे हात उलटेपालटे करून बघितल्यावर.

पारू जाऊन आता दोन वर्षं होतील. नळ अजून तिथंच आहे. पहाटे मीच जाऊन चावी राखेनं घासतो. चाळीत आता राख मिळत नाही, सुशी मंद्रूपाहून डबा भरून पाठवते. लोक म्हणतात, म्हातारा चळला. म्हणू देत. चावी लखलखली की मी घरात येतो आणि उंबऱ्यात जरा थांबतो. 'हात धुवा' असं कुणी म्हणत नाही. मग तसाच जाऊन गुळाच्या डब्यात हात घालतो.

सुशी आली की डबा उघडून विचारते, "बाबा, गुळावर ही तीन काळी बोटं कुनाची?"

मी सांगतो, मांजर असंल.